मंत्रिमहोदय, पूर्णाकाठच्या पाण्याची 'सवलत' कधी संपणार?

प्रति,
मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : खारपाणपट्ट्यातल्या घरोघरच्या जड पाण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

मी अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा नदीकाठच्या खाऱ्या भूजलाच्या भागात राहते. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलं, त्यातली मी एक. काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, तपासायचं तर नमुन्यात आधी रंगाचं औषध घालतात, पाणी डाळिंबी होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंबथेंब सोडत, पाणी निळं होईस्तोवर थेंब मोजायचे. धरणाचं पाणी लवकर निळं होतं. आमच्या बोअरचं डाळिंबीच राहतं, आणि भोवती उभ्या बाया 'अजून किती?' म्हणून विचारत राहतात.

भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं, अशी सवलत त्यात आहे. विरघळलेल्या क्षारांचंही तसंच : ५००, आणि नाइलाज असेल तर २०००. माझं म्हणणं या सवलतीबद्दल आहे. पूर्णेच्या गाळाखालचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारं आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात गावात दुसरा स्रोत सापडणार कुठून? मग अडचणीपुरती दिलेली सूट आमच्यासाठी कायमचा नियम होऊन बसते, आणि काठिण्य ५५० आलेलं पाणी कागदावर 'योग्य' ठरतं.

त्या पाण्यावर घर कसं चालतं ते सांगते. तुरीची डाळ कुकरमध्ये कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणा दाणा वेगळा राहतो, कारण पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. म्हणून चिमूटभर खायचा सोडा पडतो, आणि सोड्यातलं सोडियम ज्याला टाळायला हवं असा रक्तदाबाचा माणूस ज्या घरात आहे तिथेही तो पडतो. साबणाला फेस येत नाही, बादलीवर चिकट साय धरते. धुतलेलं धोतर वाळलं की ताठ उभं राहील असं होतं. पाणी तापवायच्या पातेल्यात पांढरा थर चढतो. तो उष्णता अडवतो, म्हणजे तेवढ्याच पाण्याला गॅस जास्त जळतो. ज्यांनी हौसेनं गिझर घेतला त्यांची कॉईल खाराने झाकून जाते.

घरगुती उपाय आम्ही सगळे करतो. पातेल्यात लिंबूसत्वाचं पाणी उकळलं की थर सुटतो, तोटीची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की मोकळी होते. पण हे भांड्याचं झालं. पाणी उकळलं तर बायकार्बोनेटचा जडपणा तेवढा तळाशी बसतो, क्लोराइड-सल्फेटचा जसाच्या तसा राहतो. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. आरओ यंत्र पाणी गोड करतं, पण लिटरभर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर आणखी खारं पाणी मोरीतून परत याच जमिनीत मुरवतं. काही जणी फरशीवरचा खार काढायला ॲसिड ओततात. त्याच मोरीत ब्लीचिंग पावडर असेल तर विषारी वायू तयार होतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. आरोग्यसेविकेने घरोघरी पहिलं सांगावं ते हे.

एक गोष्ट स्पष्ट करते. नुसत्या जडपणाने मूत्रपिंड निकामी होतं, असं मी म्हणत नाही. त्याला ठोस पुरावा नाही. पण त्याच बोअरमध्ये नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर ती वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. गावागावात मूत्रपिंडाच्या आजाराची भीती आहे. त्या भीतीला उत्तर आकड्यांनीच देता येईल. आम्ही भरलेले निकाल पोर्टलवर जातात. ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, बोअरनिहाय, ठळक अक्षरांत यावेत. ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घराला कोणत्या बोअरचं पाणी टाळायचं एवढं तरी कळेल.

गोडं पाणी लांब नाही, महोदय. सातपुड्याच्या पायथ्याला वान धरण आहे, तिकडे महानला काटेपूर्णा आहे, आणि प्रादेशिक योजनांतून ते पाणी या पट्ट्यात येतं. ते आलं की आमच्याकडे सणच असतो. पण नळाचा दिवस पक्का नसला की मधल्या दिवसांत सगळं घर पुन्हा बोअरवर येतं, आणि ज्यांना परवडतं ते जार विकत घेतात. माणशी ५५ लिटर हे मिशनचं वचन आहे. ते 'नियमित' आणि मानकाप्रमाणे द्यायचं, हेही त्याच वचनात आहे. रोज नाही जमलं तर वार तरी ठरवून द्या, आणि तो पाळला जावा.

आणि माझी मुख्य मागणी ही : खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक घराला छताच्या पाण्याची टाकी द्या. हिशेब साधा आहे. आमच्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ३० चौरस मीटरच्या टिनावरसुद्धा वीस हजार लिटर पाणी पडतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यापुरतं दिवसाला २० लिटर धरलं, तर दिवाळीपासून मृगापर्यंतच्या सात-आठ महिन्यांना पाच हजार लिटरची झाकणबंद टाकी पुरते. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय, गाळणी आणि क्लोरीन एवढं सांभाळलं की झालं. पावसाच्या पाण्यात जडपणा जवळपास नसतोच. अंघोळीला, धुण्याला बोअर राहू द्या; डाळ आणि चहा तेवढा त्यातून सुटू द्या. घरकुलाच्या मंजुरीतच ही टाकी जोडली तर वेगळी योजना उभारायची गरजही पडणार नाही.

निर्णय एप्रिलअखेर व्हावा. मंजुरी जुलैत आली, तर टाकी बांधेपर्यंत पाऊस निघून जातो आणि आमचं आणखी एक वर्ष बोअरवर जातं.

आपली विश्वासू,
गावची पाणी तपासणी करणारी एक महिला,
पूर्णाकाठ, जि. अकोला