पणजोबांच्या विलाबद्दल

नाशिक, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काका तुला तसं बोलायला नको होते. पण "मला तुमची जमीन नकोय" हे तूही म्हणायला नको होतंस. जमिनीचा विषय त्यांनी काढलाच नव्हता. निफाडकडे आता कुणी जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावबदलाची नोंद, नुसता मागितला तरी समोरच्याला त्यात हिस्साच दिसतो. असो. काकांबद्दल या पत्रात पुन्हा लिहिणार नाही, कामाचं तेवढं लिहिते.

आधी तारीख. आप्पांच्या वहीत पणजोबांची तिथी माघ वद्य सप्तमी, शके १८५३ अशी आहे. शकात ७८ मिळवून तू १९३१ धरलंस, म्हणून त्यांचं विल शोधताना तुला काही सापडलं नाही. शक चैत्रात बदलतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे. म्हणजे १९३२. खात्री करायची तर रामकुंडावर आपल्या तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्या वह्या गाव आणि आडनावावर लागतात, तेव्हा मूळ गाव सांग, नाशिक सांगू नकोस. अस्थी घेऊन कोण आलं, बरोबर कोण होतं, हे त्या नोंदीत असतं. दक्षिणा नीट दे, घासाघीस करू नकोस.

पणजोबा गिरगावात वारले, पेढीही तिथलीच. मुंबईतल्या मालमत्तेच्या विलाला त्या काळी हायकोर्टाचं प्रोबेट, म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागायचंच. आपल्या जिल्ह्यात तशी सक्ती नव्हती, बहुतेकांचं काम फेरफारावर भागायचं. त्यामुळे इथल्या कोर्टात नोंद नाही म्हणजे विलच नव्हतं, असं धरून बसू नकोस.

हायकोर्टात टेस्टामेंटरी, म्हणजे विलांची कामं पाहणाऱ्या, विभागाची जुनी सूची अर्जाच्या वर्षाने बघायची, मृत्यूच्या नव्हे. १९३२ पासून पुढची दहाएक वर्षं तरी चाळ. नावं इंग्रजीत आणि कारकुनाच्या कानाने लिहिलेली असतात. विठ्ठल एका टीने, दोन टींनी, कधी एचशिवाय. पुष्कळदा आडनाव नसतंच, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. अर्ज सापडला आणि पुढे काहीच दिसत नसेल तर कुणीतरी कॅव्हेट घालून हरकत घेतली असेल. मग त्याच प्रकरणाचा टेस्टामेंटरी सूट, म्हणजे दावा, होतो आणि नंबर बदलतो. तो नवा नंबर काढ, कारण भांडलेल्या घराचे कागद जास्त बोलतात.

नक्कल मागताना नुसतं प्रोबेट मागू नकोस. त्याला विलाची प्रत जोडलेली असते, पण खरा माल अर्जात, मालमत्तेच्या यादीत आणि साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रात असतो. विल अमलात आणणारा एक्झिक्युटर नेमलेला नसेल किंवा आधीच वारला असेल तर प्रोबेटऐवजी विल जोडून मालमत्तेच्या कारभाराचा कोर्टाचा अधिकार, म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन घेतात. त्या अर्जात कुटुंबातली माणसं आणि त्यांचे पत्ते पुष्कळदा दिलेले असतात. धाकट्या पणजीबाईंचं माहेर कळलं तर तिथेच कळेल. मृत्यूनंतर तीन वर्षं उलटून अर्ज केला असेल तर उशिराचं कारणही लिहावं लागतं. ते परिच्छेद आधी वाच. तू पक्षकार नाहीस, म्हणून नातं आणि कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र लागेल. कारण "कुटुंबाचा इतिहास" एवढंच लिही. मालमत्ता हा शब्द नको. पुढेमागे तो कागद काकांच्या हातात पडला तर?

हायकोर्टात नाहीच मिळालं तर दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांकडे. नोंदवलेली मृत्युपत्रं तीन नंबरच्या बुकात असतात. एक नंबरचं, म्हणजे जमिनीच्या दस्तांचं, बुक कुणालाही बघता येतं, तीन नंबरच्यात शोध फक्त अधिकारीच घेतो. विल करणारा वारलेला असला की अर्ज करणाऱ्या कुणालाही नक्कल मिळते. मृत्यूचा दाखला मात्र जोड. विल हयातीत कधीही नोंदवतात आणि मेल्यावर एक्झिक्युटरही नोंदवू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंची वर्षं दे.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. १९५६ पूर्वी एकत्र कुटुंबातल्या माणसाला वडिलोपार्जित जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा विलाने देता येत नव्हता. त्यामुळे १९३२ च्या विलात गिरगावची पेढी आणि स्वकष्टार्जितच असणार. निफाडचं शेत त्यात निघालंच, तर ते त्यांनी स्वतः घेतलेलं किंवा वाटणी आधीच झालेली. मग एक नंबरच्या बुकात खरेदीखत नाहीतर वाटणीपत्र शोधायचं. काकांना हे एवढंच सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर ते निवळतील.

आणि एक. सरकारच्या 'आपले अभिलेख' या साइटवर निफाडचे जुने फेरफार तू काढशीलच. तिथे मोठ्या आजोबांच्या नावापुढे ए.कु.मॅ. दिसेल. एकत्र कुटुंब मॅनेजर. घराच्या वतीने त्यांचं एकट्याचं नाव लागलं, एवढाच त्याचा अर्थ. पण तेच अक्षर दाखवून "मग आमचं काय" असं विचारता येतं. तू नाही विचारणार, तुझे बाबा विचारतील. त्यांना मी अजून काही बोललेली नाही.

फार लांबलं, आणि शाळेतल्यासारखं झालं. रागावू नकोस. तू मोडी वाचतेस हे मी वाड्यात सगळ्यांना सांगत असते. पणजीबाई अंगठा उठवायच्या, त्यांची पणती दफ्तर वाचते. आप्पा असते तर माळ्यावरची ट्रंक स्वतः उतरवून दिली असती. दर दिवाळीला ते ती उन्हात ठेवायचे, कडुनिंबाचा पाला बदलायचे, आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. काका तेव्हा सात-आठ वर्षांचे, त्यांना मात्र मांडीवर घेऊन एकेक कागद दाखवायचे. म्हणून म्हणते, त्यांना दुखवून नको. पुन्हा तेच लिहिलं बघ.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई

ता.क. नक्कल मिळाली की फोटो मला एकटीला पाठव. फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस. आणि ताईआत्याला विचार, पेढीचं नाव तिला आठवतं का. मालमत्तेच्या यादीत माणसापेक्षा पेढीचं नाव लवकर ओळखू येतं.