लोक विटले पॉलिस्टरला, बदनाम झाला खण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२० च्या आसपास आलेल्या लाटेने ओटीतला खण साडी, फ्रॉक, पर्स, कंदील, अगदी मास्कपर्यंत नेला. आता तेच कापड सेलच्या ढिगात दिसते आणि ‘खणाची फॅशन गेली’ असे सहज बोलले जाते. विकले गेले त्यातले पुष्कळसे मुळात यंत्रमागावरचे पॉलिस्टर होते, हे ग्राहकांना कळायला हवे.

कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला हातमागावर विणला जाणारा खण चोळीसाठीच बेतलेला. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, जेमतेम ३१-३२ इंच, दोन्ही कडांना काठ. साडीला ४५ इंच तरी पन्हा लागतो, म्हणजे जुन्या मागावरच्या खणाची साडी जोड दिल्याशिवाय होत नाही. मागणी मात्र एकदम साड्यांची आली. विणकराने पन्हा वाढवायचा तर फणीपासून (उभे धागे जिच्यातून ओवतात ती) मागाची सगळी मांडणी बदलावी लागते. तेवढ्यात यंत्रमागाने रुंद, स्वस्त कापड बाजारात ओतले. ते घाम शोषत नाही. लहान मुलांना तर ते उन्हात घालूच नये.

घेताना आधी उलट बाजू पाहा. छापील नक्कल मागून फिकी दिसते. पण पॉलिस्टरही विणलेले असू शकते, म्हणून कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढून वेगवेगळा जाळा. सूत कागदासारखे जळते, राख भुरभुरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. कृत्रिम रेशीमही सुतासारखेच जळते. तेव्हा रेशमाचे पैसे मोजताना केसांचा वास आलाच पाहिजे.

शिवणाऱ्यांनी बेतण्याआधी खण आणि सुती अस्तर दोन्ही थंड पाण्यात वेगवेगळे भिजवून सावलीत वाळवावे. एकच भिजवले तर पहिल्या धुण्यात दुसरे आटते आणि शिवणीवर चुण्या पडतात. लाल, गडद हिरवा रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून तपासावा. कापलेल्या कडा लगेच उसवतात, त्यामुळे पाऊण इंच माया (शिवणीबाहेर सोडलेले कापड) आणि इंटरलॉक हवेच. पॉलिस्टरच्या कंदिलात तापणारा जुना बल्ब लावू नये, एलईडीच लावावा.

‘खण साडी’च्या पाटीखाली दुकानदारांनी धागा कोणता, माग कोणता आणि पन्हा किती ते लिहावे. हातमाग म्हणून जास्त दर लावत असतील, तर ग्राहकांनी सरकारी हातमाग चिन्ह (हँडलूम मार्क) दाखवायला सांगावे.

– एक वाचक, कोल्हापूर