सूचना : शनिवारच्या चर्चेआधी एवढं वाचून या

सभासदहो,

येत्या शनिवारी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरच्या कारकिर्दीवर चर्चा आहे, लक्षात असू द्या. ‘म्हणजे मुख्य कोचच ना?’ असं दोघा-तिघांनी विचारलंय. नाही. हा कॉलेजच्या अख्ख्या क्रीडा विभागाचा प्रमुख. कोच नेमणारा आणि वेळ आली की काढणाराही हाच. बजेट, देणगीदार, वेळापत्रकं, नियमपालन, सगळं त्याच्याच गळ्यात.

ज्युडिथ स्वीट यांच्याविषयी जरूर वाचा. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसवर पुरुष आणि महिला, दोन्ही विभागांची सूत्रं त्यांच्याकडे आली. अशा पदावर तेव्हा बाई दिसणं जवळजवळ अशक्यच. १९९१ मध्ये त्या एनसीएएच्या, म्हणजे तिथल्या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांच्याविषयी वाचण्याआधी १९७२ चा टायटल नाइन कायदा (सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा) नजरेखालून घाला, नाहीतर त्यांचं मोठेपण कळायचं नाही.

२०२१ पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःचं नाव आणि प्रतिमा वापरू देऊन, जाहिरातींसारख्या कामांतून, कमावू शकतात. २०२५-२६ पासून विद्यापीठंही त्यांना उत्पन्नातला थेट वाटा देऊ शकतात. खरी खडाजंगी इथेच होणार, असा माझा अंदाज.

प्रश्न शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका. उशिरा आलेले प्रश्न शेवटी, वेळ उरला तरच.