सभासदांसाठी सूचना: हापूसची नोंदणी आणि डागी फळ

सर्व सभासदांना नमस्कार. हापूसची नोंदणी सुरू झाली आहे. रविवार संध्याकाळपर्यंत किती डझन, कच्चा की तयार, ते गटावर लिहावे.

यंदा एक कळकळीची विनंती. पेटीत सालीवर करडे, खरखरीत चट्टे असलेली फळे निघाली तर ती परत करू नका. मोहरावर आणि कोवळ्या कैरीवर फुलकिडे बसतात, साल खरवडून रस शोषतात. कैरी वाढते तसा तो ओरखडा पसरतो. आतल्या गराची गोडी मात्र तशीच राहते. बाजारात अशा फळाचा भाव पडतो, म्हणून बागायतदार फवारणीवर फवारणी करत राहतो. आपण नितळ सालीचा हट्ट सोडला तरच त्याला हात आखडता घेता येईल. त्यामुळे डागी फळालाही आपण पूर्ण भाव द्यायचा, असे ठरवले आहे.

आंबा पेंढ्याच्या आढीतच पिकवलेला येईल. त्याला दिवस लागतात, घाई करू नये. कार्बाइड हे रसायन वापरून फळे पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे. त्यात साल पिवळीधमक होते, पण फळ आतून आंबटच राहते. बाहेरून घेताना बागेचे गाव जरूर विचारा. 2018च्या भौगोलिक मानांकनानुसार हापूस हे नाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्याचे आहे.

आमसुले आणि लाल तांदूळ हवे असल्यास त्याच यादीत लिहावे. गेल्या खेपेचे रिकामे क्रेट येताना घेऊन यावेत.