लॅबमधल्या मामांना, थर्मामीटर फोडणाऱ्याकडून

मामा, रामराम. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीय, घरातल्या कुणाकडनं तरी वाचून घ्या.

लातूरला अकरावीला आलो तेव्हा मी गावाकडचा, मराठी मिडीयमचा, मॅटर, डेन्सिटी, बॉइलिंग पॉइंट असले शब्द ऐकूनच पोटात गोळा यायचा, आणि त्यात पहिल्याच महिन्यात माझ्या हातून थर्मामीटर फुटला. पाऱ्याच्या गोळ्या टेबलभर पळायलेल्या, मी धरायला गेलो तर तुम्ही लांबूनच ओरडलात, "हात लावू नको, इख हाय ते!" खिडक्या उघडल्या, कागदानं गोळ्या गोळा केल्या, फटीत गेल्या त्यांच्यावर गंधकाची पावडर टाकली. मी रडकुंडीला आलेलो. तर तुम्ही कपाटातली पाऱ्याची सीलबंद बाटली हातात दिली, म्हणालात, उचल. एवढीशी बाटली अन् हात खालीच गेला की! १ लिटर पाणी १ किलो, तेवढाच पारा साडेतेरा किलोच्या वर. लोखंडाचा खिळासुद्धा त्याच्यावर तरंगतो म्हणालात ते मला थापच वाटली होती. डेन्सिटी, म्हणजे तेवढ्याच जागेत किती वजन, मला त्या बाटलीनं कळाली, सूत्र नंतर पाठ केलं.

मग ते पाणी उकळायचं प्रॅक्टिकल. पारा ९८ च्या आसपास अडकला, बर्नर मोठा केला तरी हलंना, मी गुपचूप जर्नलमध्ये १०० लिहिलं. तुम्ही मागं उभे. "१०० कुठं दिसलं रे तुला? लातूर काय समुद्राच्या काठाला हाय?" आपण समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या वर, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी जरा आधीच उकळतं आणि एकदा उकळायला लागलं की दिलेली सगळी उष्णता वाफ करण्यातच जाते. खोडून ९८ लिहायला लावलंत.

आता मी गावात दूध घेतो मामा, डेअरी हाय छोटी. लॅक्टोमीटर, ती दुधात सोडायची तरंगती काचेची नळी, तो डेन्सिटीच मोजतो की. दुधात पाणी घातलं की तो खाली जातो, रीडिंग पडतं. पण साय हलकी असते, ती काढून घेतली की रीडिंग उलटं वाढतं, म्हणजे आधी साय काढायची, मग पाणी घालायचं, रीडिंग जिथल्या तिथं! (असे हुशार लोक आमच्याकडं बी हायत, नाव घेत नाही.) म्हणून फॅट वेगळं बघावं लागतं, आणि कोमट दूध आलं तर थांबावं लागतं, गरम झालं की पातळ दाखवतं. एका खुणेवर वस्तू ओळखायची नाही हे तुम्ही बिनलेबलच्या बाटल्या धुताना बडबडायचात ना, ते इथं रोज कामाला येतं.

अन् त्या थर्मामीटरचे पैसे तुम्ही खिशातनं भरलेले, हे मला बारावी झाल्यावर कळालं. म्हैस व्यायला झालीय, खरवस खायला या, पैसे तेव्हाच देतो. नाही म्हणायचं नाही.