सोप्यातल्या खिडकीजवळ बसाल ना?

चंद्रपूर
१९ एप्रिल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन तुझ्याकडे दिला. आई, तूही "जेवलीस का" एवढं विचारून गप्प झालीस. ओरडला असतात तर मी काहीतरी बोलले असते. त्या "बरं"ला काय उत्तर देणार? म्हणून लिहायला बसले.

पूर्णवेळ चित्रं काढायची म्हणून शाळेचा राजीनामा जानेवारीत दिला आणि तुम्हाला कळलं एप्रिलमध्ये. ही चूक माझी. आधी वाटलं, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे. मग वाटलं, आईची साखर खाली येऊ दे. सांगायला बरा दिवस शोधत राहिले आणि तेवढ्यात मावशीकडून तुमच्या कानावर गेलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

बाबा, तुम्ही मनात म्हणत असाल, शाळा सांभाळून सुट्टीत चित्रं काढायची होती. ११ वर्षं तेच केलं. शाळा, वह्या, स्पर्धांचे फलक, सगळं उरकून रात्री १० ला कागदापुढे बसायचे. ट्यूबलाइटखाली लावलेला रंग सकाळी बघावा तर भलताच. गेली ३ वर्षं तर आलेली कामं परत पाठवत होते. उडी मारण्याआधी हिशेब केला आहे. पीएफला हात लावलेला नाही, मेडिक्लेम चालू आहे, ८ महिन्यांचा खर्च एफडीत आहे. काम घेताना निम्मे पैसे आधी घेते. दादालाही सगळे आकडे दाखवलेत, त्याला विचारा.

आता आईच्या काळज्या. घर शहरात आहे, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकीण काकू राहतात, रात्री मी आले की नाही हे त्या दिवा बघून ठरवतात. ऊन कडक आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पण मोठा कूलर घेतलाय आणि दुपारी मी बाहेर पडत नाही. तू दिलेला कांदा-लसूण मसाला अजून अर्धा डबा आहे. काकू सांबारवडी पाठवतात. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच होते! त्रास म्हणाल तर एकच, औष्णिक केंद्राची आणि कोळशाची बारीक काजळी. खिडकी उघडी राहिली की पांढऱ्या कागदावर बसते. म्हणून प्रत्येक चित्रावर बटर पेपर, आणि दिवसातून दोनदा टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. बघ, घरी कधी केर काढला नाही ती मी.

आणि वाघ. तू पेपरात चंद्रपूरच्या बातम्या वाचतेस हे मला माहीत आहे. त्या खोट्या नाहीत. पण जीव जातो तो बहुतेक मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला, गुरं घेऊन पहाटे रानात शिरणाऱ्या माणसांचा. वाकलेल्या माणसाला वाघ दिसत नाही. त्यांना पोटासाठी जावं लागतं, मला तसं जावं लागत नाही. मी जिप्सीत बसते, बरोबर गाइड असतो, आणि गाडीतून खाली उतरायची परवानगीच नसते. ताडोब्यात सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून त्या ४ तासांत माझा फोन लागत नाही. फोन लागला नाही की ती जंगलात आहे, एवढंच समज.

आठवड्यातून दोनदा जाते. पहाटे साडेतीनला उठते, मोहर्लीचं गेट उघडायच्या आधी पोहोचते. हातात छोटी वही आणि ४बी पेन्सिल. गाडी हलत असते, त्यामुळे नीटनेटकं चित्र होतच नाही. पाठीची रेष, खांद्याचा उंचवटा, मान कुठे वळली एवढंच. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आली की गाइड गाडी बंद करायला लावतो आणि सगळे श्वास धरून बसतात. कधी वाघ येतो. बहुतेक वेळा येत नाही. आला तरी २-३ मिनिटं. तेव्हा वहीत बघायचं नाही, त्याच्याकडेच बघायचं, आणि तो गेल्यावर डोळ्यांतलं कागदावर उतरवायचं. कॅमेऱ्याने फोटोही काढते, पण फोटोत वजन येत नाही. पाऊल टाकताना खांद्याचं हाड कातडीखाली कसं वर येतं, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

घरी आल्यावर तासभर झोप, मग ११ ते ५ टेबलावर. सुरुवात डोळ्यांपासून. डोळा जमला नाही तर तिथेच थांबते, पुढचे ४० तास वाया घालवत नाही. मांजराची बाहुली उजेडात उभी चिरेसारखी होते, वाघाची गोलच राहते. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, ती विसरली की डोळा काचेच्या गोटीसारखा दिसतो. मग अंगाचा गडद थर, त्यावर मधला, आणि सगळ्यात शेवटी उजळ केस, ज्या दिशेने ते उगवतात त्याच दिशेने. सॉफ्ट पेस्टलमध्ये तळहाताएवढा भाग झाला तरी दिवस सार्थकी लागला. पेन्सिलचं काम असेल तर मिशा आधीच बोथट सुईने कागदात दाबून घेते. वरून पेन्सिल फिरवली की त्या पांढऱ्या राहतात.

पट्ट्यांना मात्र क्षमा नाही. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते. माया वाघिणीचं चित्र मोहर्लीत एका गाइडला दाखवलं. त्याने पेन्सिलचं टोक एका पट्ट्यावर ठेवलं, "मॅडम, हा इथं जुळतो, तुमचा सुटलाय." २०२३ पासून ती दिसलेली नाही, पण तिचा पट्टा न पट्टा त्याला पाठ आहे. घरी येऊन तेवढा भाग खरवडला आणि परत केला.

बाबा, परवा पाणवठ्यावर गवा दिसला. आपण एसटीने दाजीपूरला गेलो होतो, आठवतं? धुक्यात तो मोठा गवा उभा होता, मी तुमच्या स्वेटरात डोकं खुपसलं. तुम्ही म्हणालात, "अगं बघ तरी, पांढरे मोजे घालून शाळेला निघालाय." मग तिकिटाच्या मागे तुम्ही त्याचे पाय काढलेत. मी अजून गव्याचं चित्र पायांपासूनच सुरू करते. आणि आई, तू पोळपाटावर पीठ पसरून मला बोटाने चिमण्या काढू द्यायचीस, स्वयंपाकाला उशीर झाला तरी. माझा पहिला चित्रकलेचा कागद तो.

माणसांची चित्रं मात्र बहुतेक फोटोवरूनच करावी लागतात. गेल्या महिन्यात एका बाईंनी त्यांच्या आईचा फोटो पाठवला. एकच होता, लग्नाच्या गर्दीतला, चेहरा नखाएवढा, फ्लॅशने सपाट झालेला. मी विचारलं, कुंकू केवढं लावायच्या? भांग मधे की बाजूला? हसताना डोळे बारीक व्हायचे का? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी नीट बघितलंच नाही हो."

घाबरू नका, मी उगीच काही मनात आणत नाही. पण बाबा, चित्रकार हळदणकरांच्या त्या दिवा धरलेल्या बाईच्या चित्राची गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितलीत! जलरंगातलं काम, चुकलं तर पुसता येत नाही, आणि दिवा धरून उभी राहिली ती त्यांची स्वतःची लेक गीता. तिथे बापासाठी लेक उभी राहिली. आपल्याकडे लेकीसाठी आई-बाबांनी बसायचं. समोर, फोटो नाही.

आणि वेळ आहे, हेच सांगायला एवढं लिहिलं. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, ताडोब्याचं कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल बंद असतं. नोकरीत होते तेव्हा दिवाळीला १० दिवस यायचे आणि त्यातले ४ वह्या तपासण्यात जायचे. आता अख्खा पावसाळा कोल्हापुरात. दिवाळीची कामं तिथेच करीन, कागदाला बुरशी लागू नये म्हणून डबे आणि सिलिका जेल घेऊन येते. ७ जुलैचं महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. वर्ध्याला बसेन.

तोवर ऐकायचं. आई, गुळाचा चहा साखरेत मोजत नाहीस, तो हिशेब बंद. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट दादाने मला फोटो काढून पाठवायचा. बाबा, काठी न घेता जिना उतरायचा नाही, शेजारी बघतात म्हणून तर मुळीच नाही. फिजिओथेरपीवाल्याला "आज राहू दे" म्हणायचं नाही. आणि सोप्यातल्या खिडकीसमोरचं ते जुनं शिलाई मशीन हलवून ठेवा. बाबांनी उचलायचं नाही, दादाला सांगा. दुपारी ४ नंतर तिथे एका बाजूने मऊ उजेड येतो, चेहऱ्याला तोच हवा.

रोज तासभर, जास्त नाही. मधे चहा. बोललात तरी चालेल, झोप लागली तरी चालेल. आई, तू हिरवी इरकल नेस, सणाची ठेवणीतली नको. बाबा, दाजीपूरचा तो मरून स्वेटर बोहारणीला दिला नाही ना? नसेल तर काढून उन्हात टाका. जुलैत गारवा असतोच.

तुमची,
चिमी