जांबोटीच्या घरातली ओल

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मिरग तोंडावर आलाय. तरण्या-म्हाताऱ्या पावसात कणकुंबी-जांबोटीकडची हवा कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. बुरशीने बाबांचा दमा उसळतो, म्हणून यंदा ओलीचा बंदोबस्त आधीच करूया. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, फक्त कुठला उपाय कुठे लागू पडतो ते ओळखावं लागतं. मीठ आणि चुना ठेवून खोली कोरडी होत नाही. ते बंद कपाटाचे आणि पेटीचे उपाय. खोलीतली वाफ जिथे तयार होते तिथूनच बाहेर घालवायची. आणि भिंतच पाणी ओढत असेल तर आधी भिंतीकडे बघायचं.

ते ओळखायला माजघराच्या ओलसर भिंतीवर जाड प्लास्टिकचा हातभर लांब-रुंद तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. चुन्याच्या भिंतीवर टेप धरत नाही, तिथे कडांवर लाकडी पट्ट्या ठोका. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला थेंब दिसले तर ती हवेतली वाफ आहे.

भिंतीतून येत असेल तर बाबा, घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशीच पडतात का, परड्याची माती जोत्यापर्यंत चढलीय का, फुटकी कौलं किती, हे बघा. माती जोत्याच्या खाली उतरवून घ्या आणि भिंतीपासून बाहेर 10 फुटांत निदान 6 इंच उतार द्या. झडीच्या बाजूला ताडपत्री बांधा, पण भिंतीला चिकटवू नका. मध्ये वीतभर हवा खेळू दे. लोणा लागलेल्या, म्हणजे पांढरा क्षार फुटलेल्या जागी गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवेल. तो करू देऊ नका, ऑइलपेंटही नको. दोन्हींमुळे भिंतीतलं पाणी बाहेर सुकायचं थांबतं, मग ते आणखी वर चढतं आणि पोपडे धरतात. मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीला चुनाच बरा.

आता हवेतली वाफ. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक मी पाठवते, तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो खरं दाखवतो का ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाण्याने ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 टक्क्यांजवळ हवा. 79 दाखवला तर पुढे दर वेळी 4 वजा करायचे. घरात 60 च्या खाली राहिलं तर उत्तम. आषाढात तिकडे ते जमणार नाही, पण 70 च्या वर दिवसचे दिवस राहिलं की बुरशी धरते, एवढी खूण ठेवा.

आई, बरीच वाफ तुझ्या गॅसमधूनही निघते. गॅस जळताना पाणीच तयार होतं, 14.2 किलोच्या एका सिलिंडरमधून साधारण 22 लिटर. ते दिसत नाही, पण गार भिंतीवर जाऊन बसतं. म्हणून भात कुकरला लाव, आमटीवर झाकण ठेव. रांधताना माजघराचं दार बंद आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी. एक्झॉस्ट पंखा बसवाल तर समोरच्या दाराखाली बोटभर फट हवी. आत हवा आली नाही तर पंखा नुसता फिरतो. न्हाणीचं दार घराच्या बाजूने बंदच ठेवा.

ओले कपडे निजायच्या खोलीत नकोत. हाताने पिळलेल्या सुती कपड्यांत जवळजवळ त्यांच्याच वजनाइतकं पाणी उरतं. सोप्यावर दोरी बांधा आणि टेबलफॅन लावा. पंखा हवेतलं पाणी कमी करत नाही, कपडे आणि भिंत लवकर सुकवतो इतकंच. खिडक्या उघडीप मिळाली की उघडा, झड आणि धुकं असताना बंद ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, वाकळांची चळत भिंतीला टेकवू नका.

कपाटासाठी मला कळीचा चुना सगळ्यात भरवशाचा वाटतो. अर्धा किलो खडे मातीच्या मडक्यात घ्या, पण मडकं तिसरा हिस्साच भरा, कारण चुना फुगतो. तोंडाला फडकं बांधून तळाच्या खणात ठेवा. अर्धा किलो चुना साधारण दीडशे ग्रॅम पाणी ओढतो. खड्यांची भुकटी झाली की तो संपला. ती आंब्याच्या बुंध्याला फासता येईल. मडक्यातल्या खड्यांवर पाणी मात्र कधी सांडू देऊ नका, चुना भयंकर तापतो. हाताळताना बाबांनी चष्मा काढू नये.

जाडं मीठ स्वस्त आहे, पण शुद्ध मीठ 75 टक्क्यांच्या खाली पाणी ओढतच नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. शिवाय लोखंडी कपाटात ते पाझरलं तर गंज चढतो. कोळसा वास घेतो, पाणी फारसं नाही. कागदपत्रांच्या पेटीत सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवा. नारिंगी दाणे आणा, निळे नकोत, त्यात कोबाल्ट असतं. दाणे हिरवट झाले की जुन्या बिडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, पुन्हा नारिंगी होईपर्यंत हलवत राहा. ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही.

बुरशी दिसलीच तर कोरड्या झाडूने झाडू नका, कण हवेत उडतात. नाक-तोंड बांधा. रंगाच्या भिंतीवर पांढरं व्हिनेगर पाणी न घालता लावा, तासाभराने ओल्या फडक्याने पुसा आणि पंख्याने सुकवा. चुन्याच्या भिंतीला व्हिनेगर चालत नाही, ते चुना खातं. तिथे ओल्या फडक्याने पुसून, सुकल्यावर चुन्याचा नवा हात मारा. ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. हे काम बाबांनी करायचंच नाही, गड्याला सांगा.

प्लास्टिक याच आठवड्यात लावा आणि पाणी कुठल्या बाजूला आलं ते फोनवर कळवा. मापक मी बसने पाठवते. तो निजायच्या खोलीत, खिडकी आणि चुलीपासून लांब, छातीच्या उंचीवर टांगा.

तुमची लेक